हॅमायसिन: पिंपरीच्या मातीतून मिळालेले बुरशीविरोधी औषध

हॅमायसिन हे बुरशीला मारणारे नैसर्गिक अँटिबायोटिक आहे. पुण्याजवळच्या पिंपरीच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळाले आणि १९६१ मध्ये त्याच्या शोधाची माहिती प्रसिद्ध झाली. एके काळी ते तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या बुरशीसाठी वापरले जायचे. आज नांदेड किंवा लातूरच्या मेडिकल दुकानात तुम्ही ते मागितले, तर बहुधा दुकानदारालाही नाव आठवणार नाही. त्याचा उल्लेख आता मुख्यतः प्रयोगशाळेतल्या संशोधनात येतो.

मग रुग्णांनी आणि नातेवाइकांनी त्याबद्दल का वाचावे? २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी ज्या इंजेक्शनमागे मराठवाड्यातली कित्येक घरे रात्रंदिवस धावली, ते ॲम्फोटेरिसिन बी हॅमायसिनच्याच कुळातले आहे. दोघांची रचना जवळपास सारखी, काम करण्याची पद्धत सारखी आणि दोषही सारखाच. म्युकरचे रुग्ण आजही येतात, विशेषतः शुगर फार वाढलेले. त्यांचे नातेवाईक वॉर्डाबाहेर तेच प्रश्न विचारतात. रोज इतक्या बाटल्या कशाला लागतात? गोळी का नाही? किडनीला त्रास होतो म्हणता, मग देता कशाला? रोज रक्त का काढता? या प्रश्नांची उत्तरे या औषधांच्या कुळकथेत आहेत.

अँटिबायोटिक, पण जंतूंवर न चालणारे

आपल्याकडे अँटिबायोटिक म्हणजे ताप, खोकला, जखमेतला पू यांवरची गोळी असे समजले जाते. मूळ अर्थ थोडा वेगळा आहे. एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला आणि दुसऱ्या सूक्ष्मजीवाला मारणारा किंवा त्याची वाढ रोखणारा पदार्थ म्हणजे अँटिबायोटिक. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंना मारते, बुरशीला नाही. हॅमायसिन बुरशीला मारते, जिवाणूंना नाही. गंमत अशी की दोन्ही औषधे स्ट्रेप्टोमायसिस या एकाच जातकुळीच्या जिवाणूंपासून मिळाली.

हा फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा आहे. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला किंवा जांघेत नायटा झाला, की अनेक जण घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी काढतात. त्या गोळ्या बुरशीला काहीच करत नाहीत. उलट तोंडातले आणि योनिमार्गातले चांगले जिवाणू मरतात, बुरशीला मोकळे रान मिळते आणि थर वाढतो. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर अंगावरून पांढरे जाणे आणि खाज सुरू झाली, असे सांगणाऱ्या बायकांचा अनुभव खरा असतो. त्यामागे हेच कारण असू शकते.

पिंपरीची माती

पहिल्या पावसानंतर काळ्या रानातून जो वास येतो, तो मोठ्या प्रमाणात स्ट्रेप्टोमायसिससारख्या जिवाणूंचा असतो. ते जिओस्मिन नावाचे रसायन तयार करतात आणि आपल्या नाकाला ते अगदी थोडे असले तरी कळते. हे जिवाणू मातीत बुरशीसारखे बारीक धागे पसरून वाढतात. त्याच मातीत खरी बुरशीही असते आणि अन्न दोघांनाही तेच हवे असते. जिवाणूंनी तयार केलेली विषारी रसायने या झगड्यात त्यांच्या कामी येतात, असे मानले जाते. माणसाने त्यांतली काही उचलून औषधे केली.

पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत घेऊन तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. कारखान्याचा स्वतःचा संशोधन विभाग होता आणि तिथे एम. जे. थिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ काम करत. मातीचे नमुने घ्यायचे, त्यातले जिवाणू वेगळे करायचे, त्यांच्याशेजारी बुरशी वाढवून कोण कोणाला मारतो ते पाहायचे, असे हे चिकाटीचे काम असते. पिंपरीच्याच मातीतून मिळालेल्या एका जिवाणूभोवती बुरशी वाढेना. त्या जिवाणूचे नाव गावावरून ठेवले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. औषधाच्या नावातले ‘हॅ’ कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आले. याच जिवाणूपासून मिळालेल्या आणखी एका रसायनाला पिंप्रिनीन म्हणतात. आज उद्योगनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाचे नाव रसायनशास्त्राच्या पुस्तकांत असे कायमचे गेले आहे.

जगात इतरत्रही तेव्हा मातीचे नमुने गोळा करणे जोरात होते. निस्टॅटिन अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका डेअरी फार्मच्या मातीतून मिळाले, ॲम्फोटेरिसिन व्हेनेझुएलातल्या मातीतून, तर डोळ्यांत घालायचे नॅटामायसिन दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतून. ही सगळी हॅमायसिनची भावंडे. यांना पॉलिईन औषधे म्हणतात.

बुरशी मरते कशी आणि किडनी का दुखावते

बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती चरबीयुक्त पातळ आवरण असते. त्याला बळकटी देण्यासाठी बुरशी अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ वापरते. पॉलिईन औषध नेमके त्याला जाऊन चिकटते. आवरणाला छिद्रे पडतात, अर्गोस्टेरॉल आवरणातून ओढूनही घेतले जाते, पेशीतले पोटॅशियमसारखे क्षार बाहेर गळतात आणि पेशी मरते. भिंतीतले सिमेंट काढून घेतले तर विटा कितीही चांगल्या असल्या तरी भिंत उभी राहत नाही, तसे हे आहे.

अडचण अशी की आपल्या पेशींच्या आवरणातही त्याच जातीचा पदार्थ असतो. तो म्हणजे कोलेस्टेरॉल. अर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल हे चुलतभाऊ म्हणावेत इतके सारखे दिसतात. औषधाला अर्गोस्टेरॉल जास्त आवडते, म्हणून बुरशी आधी मरते. पण आवड थोडीच जास्त आहे. मात्रा वाढली की औषध आपल्या पेशींनाही चिकटू लागते. सगळ्यांत जास्त सोसावे लागते किडनीला. तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बारीक नलिकांच्या पेशी गळू लागतात, त्यामुळे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जाते. या कुळातल्या इंजेक्शनबरोबर रोज किंवा एक दिवसाआड रक्त तपासण्याचे कारण हे आहे. क्रिएटिनिनवरून किडनीची अवस्था कळते आणि पोटॅशियम कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडण्याआधी ते भरून काढता येते.

गोळी का नाही, याचे उत्तरही रचनेत आहे. पॉलिईन रेणू मोठे असतात आणि पाण्यात नीट विरघळत नाहीत. गिळले तर ॲम्फोटेरिसिन किंवा निस्टॅटिन आतड्यातून रक्तात जवळपास शोषलेच जात नाही. तोंडातल्या आणि आतड्यातल्या बुरशीला त्याचा उपयोग होतो, पण नाकामागच्या सायनसमध्ये, डोळ्यामागे किंवा मेंदूजवळ पोहोचलेल्या बुरशीपर्यंत औषध जात नाही. तिथे शिरेतूनच द्यावे लागते.

हॅमायसिन इंजेक्शन का झाले नाही

प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत हॅमायसिन फार जोरदार आहे. कँडिडासारखी बुरशी अगदी कमी मात्रेत मरते. पॉलिईन कुळातली जी औषधे एक जादा कड्यासारखा भाग घेऊन येतात, त्यांत हॅमायसिन मोडते. हा गट साधारणपणे ॲम्फोटेरिसिनपेक्षा बुरशीवर जास्त कडक असतो. पण कडकपणा दोन्हीकडे असतो. माणसाच्या पेशींनाही तो जास्त झोंबतो. शिवाय हॅमायसिन हे एकच शुद्ध रसायन नसून अगदी जवळच्या रसायनांचे मिश्रण आहे. असे औषध शिरेतून द्यायचे तर प्रत्येक घाण्यात प्रमाण तेच राहील याची खात्री लागते.

त्यामुळे हॅमायसिन वरून लावण्यापुरते राहिले. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ब्लास्टोमायकोसिस या अंगभर पसरणाऱ्या बुरशीच्या आजारात ते तोंडावाटे देऊनही पाहिले. त्या आजाराच्या नेहमीच्या उपचारांत मात्र ते आले नाही. नंतर अझोल गटातली औषधे आली. क्लोट्रिमाझोलचे थेंब आणि मलम, फ्लुकोनाझोलची गोळी ही स्वस्त, सोपी आणि सहज मिळणारी होती. हॅमायसिन मागे पडले.

थाळीत बुरशी मारणे हे औषधाच्या प्रवासातले पहिले पाऊल असते. वर्तमानपत्रात ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने काळी बुरशी मेली’ अशी बातमी येते तेव्हा नातेवाईक कात्रण घेऊन येतात. थाळीत ब्लीचिंग पावडरनेही बुरशी मरते. रुग्णाच्या शरीरात बुरशी मरावी आणि रुग्ण जगावा, हे खरे अवघड काम आहे.

चरबीच्या फुग्यात भरलेले औषध

या अवघड कामावर एक चांगला तोडगा निघाला आणि त्यात हॅमायसिनचाही वाटा आहे. औषध मोकळे सोडण्याऐवजी चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांच्या भिंतीत बसवायचे. या फुग्यांना लायपोसोम म्हणतात. एक फुगा केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका असतो. औषध फुग्यात धरून ठेवलेले असल्यामुळे किडनीच्या पेशींशी त्याचा थेट संबंध कमी येतो. बुरशीजवळ पोहोचल्यावर ते फुग्यातून सुटून अर्गोस्टेरॉलकडे जाते.

दिल्ली विद्यापीठात बिमल कुमार बछावत यांच्या गटाने या विषयावर बरेच काम केले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ॲस्परजिलस बुरशीची लागण केलेल्या उंदरांना लायपोसोममध्ये भरलेले हॅमायसिन देऊन पाहिले. मोकळ्या हॅमायसिनच्या तुलनेत विषारीपणा कमी झाला. हॅमायसिनची ती वाट उंदरांपुरतीच राहिली, पण तीच युक्ती ॲम्फोटेरिसिनला लावून भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन तयार झाले. त्याच्या रुग्णांवरच्या चाचण्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली झाल्या. परदेशी लायपोसोमल औषध तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर होते, हे लक्षात घेतले तर त्या कामाचे मोल कळते.

आज ॲम्फोटेरिसिन मुख्यतः साधे आणि लायपोसोमल अशा दोन रूपांत मिळते. चरबीवर आधारित आणखीही प्रकार आहेत. यांच्या मात्रा वेगवेगळ्या आहेत. साधे औषध साधारणपणे वजनाच्या दर किलोला दिवसाला १ मिलिग्रॅमपर्यंत देतात; म्युकरसाठी नेहमीचे लायपोसोमल औषध दर किलोला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त देतात. लायपोसोमलची मात्रा चुकून साध्या औषधाची दिली गेली तर जीव जाऊ शकतो. कोणत्या सलाईनमध्ये मिसळायचे आणि किती तासांत सोडायचे हेही प्रकारानुसार बदलते. एका भारतीय लायपोसोमल प्रकाराची बाटली तर देण्याआधी ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्रात ठेवावी लागते. बाहेरून बाटल्या आणायची वेळ आली, तर चिठ्ठीवरचे पूर्ण नाव आणि बाटलीवरचे पूर्ण नाव शब्दशः जुळवा. दुकानदार म्हणाला ‘तेच आहे, कंपनी वेगळी’, तरी सिस्टरना दाखवल्याशिवाय ते वापरायला देऊ नका. यात लाजण्यासारखे काही नाही. आम्हाला असा नातेवाईक आवडतो.

रोज इतक्या बाटल्या का लागतात

साधा हिशेब करू. रुग्णाचे वजन ६० किलो. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन दर किलोला ५ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम. एका बाटलीत ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे रोज सहा बाटल्या. उपचार तीन आठवडे चालला तर १२६ बाटल्या, आणि अनेकांना त्याहून जास्त दिवस लागतात. एका रुग्णाला इतके लागते, तेव्हा एकाच महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून रुग्ण आले की काय होईल हे २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिले. एरवी वर्षभरात थोडेच लागणारे औषध एकदम प्रचंड प्रमाणात हवे झाले. केंद्र सरकारने त्या मे महिन्यात राज्यांना म्युकरमायकोसिसची नोंद सक्तीची करायला सांगितले आणि इंजेक्शनचे वाटप सरकारी यंत्रणेमार्फत होऊ लागले. वर्ध्याच्या एका कंपनीने त्याच महिनाअखेरीस ॲम्फोटेरिसिनचे इमल्शन स्वरूपातले इंजेक्शन बनवायला सुरुवात केली आणि त्याची किंमत १२०० रुपये जाहीर झाली. बाजारात तेव्हा ७००० रुपयांच्या आसपासची बाटलीही सहज मिळत नव्हती.

त्या धावपळीत ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी पोचले. ते नाव फसवे आहे. म्युकर गटातली बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा बंद करते आणि मेलेला भाग काळा पडतो. हे कळले की शस्त्रक्रिया का लागते तेही कळते. ज्या भागात रक्त जात नाही तिथे रक्तातून दिलेले औषध कसे जाणार? मेलेला भाग नाक-कान-घसा तज्ज्ञांना काढावाच लागतो, आणि औषध उरलेल्या जिवंत भागाचे रक्षण करते. नुसत्या इंजेक्शनवर भागवा, ऑपरेशन नको, असा आग्रह धरणारे कुटुंब रुग्णाचे नुकसान करून घेते. तिसरी गोष्ट म्हणजे शुगर. ती आटोक्यात आल्याशिवाय पहिल्या दोन्ही उपायांना यश येत नाही.

पैशांबद्दल. म्युकरचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोफत देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रुग्ण भरती होताच रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटा आणि आज कोणते उपचार योजनेत बसतात ते आधी विचारून घ्या. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथे नाक-कान-घसा, डोळे आणि मेडिसिन हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. या आजारात तिघांचीही गरज पडते.

इंजेक्शन चालू असताना घरच्यांनी काय पाहायचे

इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत हुडहुडी भरून ताप येऊ शकतो, मळमळते, अंग दुखते. हे बऱ्याच जणांना होते, विशेषतः साध्या प्रकारात. घाबरून सलाईन स्वतः बंद करू नका, सिस्टरना बोलवा. सलाईनचा वेग कमी करून आणि औषधे देऊन ते आवरता येते. दम लागला, छाती आवळली, अंगावर गांधी उठल्या तर मात्र त्याच क्षणी हाक मारा.

लघवी किती झाली हे वहीत लिहा. किडनी जपण्यासाठी इंजेक्शनआधी आणि नंतर जादा सलाईन देतात, त्यामुळे लघवी भरपूर व्हायला हवी. ती कमी झाली, तोंडावर किंवा पायांवर सूज आली तर सांगा. पायांत गोळे येणे, उठताना मांड्यांत जोर नसणे, छातीत धडधड, पोट फुगून संडास बंद होणे ही पोटॅशियम घटल्याची चिन्हे असू शकतात. इथे एक सावधगिरी: पोटॅशियम कमी आहे हे ऐकून नातेवाईक नारळपाणी आणि केळी आणतात. किडनीचे काम मंदावले असेल तर त्याच रुग्णाचे पोटॅशियम उलट वाढलेलेही असू शकते, आणि हे रुग्ण बहुतेक मधुमेही असतात. त्या दिवसाचा रिपोर्ट पाहून डॉक्टर सांगतील तेवढेच द्या.

अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा गावच्या दुकानातली ‘दोन पिवळ्या, एक लाल’ अशी पुडी या काळात अजिबात नको. आधीच ताणलेल्या किडनीवर तो दुसरा घाव ठरतो. काढे आणि भस्मेही बंद ठेवा.

इंजेक्शनचा कोर्स संपल्यावर बहुतेकांना पोसाकोनाझोलच्या गोळ्या काही काळ चालू ठेवाव्या लागतात. फ्लुकोनाझोल म्युकरवर चालत नाही. ‘बुरशीचीच गोळी आहे, स्वस्त आहे’ म्हणून बदल करू नका.

डोळ्यात काडी लागली तर

पॉलिईन कुळातले आणखी एक भावंड शेतकऱ्यांच्या फार कामाचे आहे. सोयाबीन काढताना, तूर धोपटताना, उसाचे पाचट ओढताना डोळ्याला काडी किंवा पान लागते. ओरखडा लहान असतो, पण काडीवरची बुरशी बुबुळात रुजते. दोन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, टोचतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागतो. याला बुबुळाचा बुरशीजन्य अल्सर म्हणतात. त्यावर नॅटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब हे पहिल्या पसंतीचे औषध आहे, विशेषतः धाग्यांसारख्या बुरशीसाठी. ते पांढरट, दाटसर असते आणि बाटली हलवून घालावे लागते. सुरुवातीला तासातासाला, आणि पुढे कित्येक आठवडे.

यातली सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. डोळा लाल आहे म्हणून दुकानातून घेतलेल्या अनेक थेंबांत डेक्सामेथासोन असते. ते घातल्यावर लाली उतरते, बरे वाटते आणि आत बुरशी बेफाम वाढते. शेतात डोळ्याला मार लागल्यानंतर दुखत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नका. मध, एरंडेल, आईचे दूध हेही नको.

‘मातीतूनच आले ना?’

हॅमायसिन मातीतून आले हे सांगितले की कोणीतरी विचारतेच, मग जखमेवर माती लावायची जुनी पद्धत बरोबरच होती की! नाही. चिमूटभर मातीत औषध बनवणारे जिवाणू असतात तसेच धनुर्वाताचे जंतू, म्युकरचे बीजाणू आणि मदुरा फूट करणारे जीवही असतात. काटा रुतल्यावर पाय हळूहळू सुजतो, गाठी येतात, छिद्रांतून रव्यासारखे दाणे असलेला स्राव येतो, तो हा मदुरा फूट. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांना तो होतो. मातीतले औषध हे वेगळे करून, शुद्ध करून, मोजून दिले तरच औषध आहे. आणि तेही ‘नैसर्गिक’ आहे म्हणून सौम्य नाही, हे किडनीच्या रिपोर्टवरून आपण पाहिलेच.

जिभेवर पांढरा थर आल्यास

जे काम एके काळी हॅमायसिन करायचे, त्यासाठी आज काय? लहान बाळाच्या किंवा कवळी वापरणाऱ्या आजी-आजोबांच्या तोंडात पुसून न जाणारा पांढरा थर आला, पुसल्यावर खाली लाल जागा दिसली, तर ती बहुधा कँडिडा बुरशी असते. डॉक्टर क्लोट्रिमाझोल किंवा निस्टॅटिन लावायला देतात, कधी फ्लुकोनाझोलची गोळी. दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरून थुंकली तर हा त्रास बराच टळतो. कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवावी. धडधाकट दिसणाऱ्या मोठ्या माणसाला काही कारण नसताना असा थर वारंवार येत असेल, गिळताना छातीत दुखत असेल, तर शुगर आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी.

आणि घरात कोणाची शुगर वाढलेली असताना, किंवा नुकतेच स्टेरॉइड घेतले असताना, एका बाजूचा गाल दुखू लागला किंवा बधिर झाला, नाकातून काळपट किंवा रक्ताळलेला स्राव आला, वरचे दात अचानक हलू लागले, टाळूवर काळा डाग दिसला, एक डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. जाताना आधीची सगळी औषधे, मधुमेहाची फाइल आणि शक्य असल्यास शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पिशवीत टाका. इंजेक्शन कोणते आणि किती द्यायचे हे ठरवताना डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.